ओला अंगठा

माझ्या थोरल्या भावाला काचेतलं सगळं येत होतं, एक सोडून. त्याला माणसाचं तोंड काढता येत नव्हतं. वेली, पक्षी, होड्या, सूर्य, काय हवं ते काढायचा. तोंड काढायला घेतलं की त्याचा बटाटा व्हायचा. म्हणून त्यानं वहिनीशी लग्न केलं. हे मी चिडून म्हणत नाही, तो स्वतःच म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की वहिनीकडे बोट दाखवून सांगायचा, "आणि हा आमचा हात." गिऱ्हाईक हसायचं, वहिनीही हसायची. बाकीची बाई कुठे गेली, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर यायचं.

आमचा धंदा घरांच्या रंगीत खिडक्यांचा. खाली कारखाना, वर घर. दारावरच्या अर्धगोल झडपा, जिन्यातल्या उंच खिडक्या, न्हाणीघरांची दारं. नव्या करायच्या आणि जुन्या, शिसं मऊ पडून पोट सुटलेल्या, दुरुस्त करायच्या. दादा हिरकणीनं काच कापायचा, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचा, सांध्यांना कथलाचा डाक द्यायचा. शिसं आणि काच यांच्यातल्या फटीत लांबीचा चिकट लगदा भरायचं काम माझं, कारण त्यात हात घाण होतात आणि मी घरातली बिनलग्नाची बहीण. तोंडं वहिनीची.

काचेवरचं तोंड एक तर कच्चं असतं, नाही तर पक्कं. तपकिरी भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून ब्रशानं काढायचं. वाळलं की ते कच्चं. दिसायला अगदी पुरं दिसतं, पण ओलं बोट लागलं की गेलं. भट्टीत तापवलं की रंग काचेत मुरतो आणि पक्का होतो, मग पाण्यानं घासा नाही तर ब्रशानं. आणि भट्टी दादाची. तिच्यात काय जाणार ते तोच ठरवायचा.

ठरवायची त्याची एक रीत होती. वहिनीनं काढलेलं तोंड तो उजेडासमोर धरायचा आणि बराच वेळ बघायचा. पसंत पडलं तर काही न बोलता भट्टीशेजारच्या फळीवर ठेवायचा. नाही पडलं तर उजवा अंगठा चाटायचा आणि त्या तोंडावरून फिरवायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग अंगठा वहिनीच्या एप्रनला पुसायचा आणि म्हणायचा, "परत." वहिनी परत काढायची.

एकदा एका बाईंनी आपल्या वारलेल्या वडिलांची खिडकी करायला दिली होती. वहिनीनं तोंड काढलं, बाई बघायला आल्या आणि बघून ढसाढसा रडल्या. "अगदी बाबाच," म्हणाल्या. दादानं त्यांच्यादेखत अंगठा चाटला आणि बाबांना पुसून टाकलं. बाई किंचाळल्याच. "डावा कान वर होता," दादा म्हणाला. "फोटो बघा." बाईंनी फोटो बघितला. फोटोत डावा कान खरंच वर होता. माझा तिळपापड व्हायचा तो इथेच. असल्या माणसानं निदान चुकीचं तरी असावं! पण त्याच्या डोळ्याला केसाएवढा फरक कळायचा.

त्यांना एक मुलगी होती. आम्ही तिला ठमी म्हणायचो. कारखान्यात रंगीत काचेचे निरुपयोगी तुकडे गोळा करायची आणि त्यांतून सगळ्यांकडे बघायची. मी हिरवी, आई लाल, बाबा निळे. शाळेत जायला लागली त्याच वर्षी ताप आला, डोक्यात गेला आणि आठवड्याच्या आत ती गेली. फोटो एकच होता आणि त्यात नेमकी तिनं मान हलवली होती, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा.

दादा रडला नाही. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला आणि म्हणाला, "जिन्यातल्या खिडकीत ठमी बसवू." त्याच्या तोंडून निघालेली ही एवढीच मायेची गोष्ट मी ऐकली आहे, म्हणून नोंदवून ठेवते.

वहिनीनं आठवून आठवून ठमीचं तोंड काढलं. केस, रिबीन, फ्रॉकची कॉलर. मी बघितलं आणि तिला हाक मारणारच होते, इतकी ती ठमी होती. दादानं काच उजेडासमोर धरली. मला वाटलं, निदान आज नाही. त्यानं अंगठा चाटला.

"नाक," तो म्हणाला. "शेंडा डावीकडे होता. पायरीवर पडली होती तेव्हापासून. परत."

वहिनीनं परत काढलं. त्यानं परत पुसलं. "आता फारच डावीकडे." तिसऱ्या वेळी म्हणाला, "हे कुणाचं आहे? हे तर तुझंच नाक आहे." स्वतःच्या मेलेल्या पोरीचं तोंड आईनं किती वेळा काढायचं आणि बापानं किती वेळा पुसायचं, याला काही सुमार? मी मध्ये पडले तर मला म्हणाला, "धाकटे, तू लांबी भर."

चौथ्यांदा काढताना वहिनीचा ब्रश काचेला टेकेना. ती मला हळूच म्हणाली, "मला शेंडा दिसतच नाही गं. ते म्हणतात तेव्हा आठवल्यासारखं वाटतं, आणि काढायला गेले की जातो." कसंबसं तिनं ते पुरं केलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे पुसलंत तर मी पुन्हा ब्रश धरणार नाही. कुणासाठीच नाही."

तेव्हा आमच्याकडे तोंडांची पुष्कळ कामं अडून राहिली होती. दादानं काच बघितली. अंगठा तोंडापर्यंत गेला आणि खाली आला. "चांगलं आहे," तो म्हणाला. वहिनीच्या सगळ्या संसारात तो चांगलं आहे म्हणाला असेल तर हे एकदाच. "तू चार दिवस आईकडे जाऊन ये. मी भट्टीत घालून खिडकी बसवून ठेवतो."

तिला सोडायला मीच गेले आणि तिच्याबरोबर राहिले. परत आलो तर जिन्याच्या वळणावर, हात पोचणार नाही इतक्या उंच, ठमी बसलेली होती. मागून ऊन येत होतं. वहिनी जिन्यातच बसली आणि पोटभर रडली. दादा वर उभा होता. म्हणाला, "त्या खिडकीला पाणी लावायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही."

ती खिडकी मग तोच साफ करायचा. शिडी लावून, मऊ कोरड्या पिसानं, श्वास रोखून. आम्हाला वाटायचं, बापाची माया. शेजारीपाजारी म्हणायचे, वरून फणस, आतून गोड. मीदेखील त्या काळात त्याच्याशी जरा बऱ्यापैकी वागत होते.

वहिनीचा दिवस त्या खिडकीपासून सुरू व्हायचा. उतरताना थांबायची, वर बघायची, मग खाली येऊन दिवसभर लोकांची तोंडं काढायची. दादाचा अंगठा चालूच होता, पण आता ती त्याला फारशी भीक घालत नसे. तिची पोरगी पक्की झाली होती, तिला कुणी पुसणार नव्हतं. असं करत आम्ही तिघं म्हातारे झालो.

मग दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, उजवा हात गेला, मान वळेनाशी झाली. त्याची चाकांची खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी असायची, कारण तिथून कारखानाही दिसतो आणि खिडकीही. कामं आम्ही बंद केली. खिडकीला पीस लावणारं कुणी उरलं नाही. समोर रस्ता खणला होता, त्याची धूळ घरभर. त्यातच वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ठमी हळूहळू दिसेनाशी झाली आणि वहिनीला कळेना की धूळ काचेवर आहे की डोळ्यात.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्या आल्या ती जिन्यात गेली. वर बघून म्हणाली, "अगं बाई, केवढी मळलीय ही!"

शिडी मी धरली. दादा खुर्चीतून ओरडला, "पाणी लावू नकोस."

"कोरड्यानं निघणार नाही हो ते," वहिनी म्हणाली. "चिकटलंय."

"पाणी लावू नकोस म्हणतोय ना!"

तिनं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं नाही आणि मला इतका आनंद झाला की मी शिडी आणखी घट्ट धरली. खरं तर परक्या घरी जुनी खिडकी धुताना ती आधी कोपऱ्यात ओला बोळा टेकवून बघायची, रंग सुटतो का म्हणून. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण ही तिची स्वतःच्या घरातली, स्वतःच्या हातची. हिला कोण बोळा लावून बघतं? तिनं फडकं ओलं केलं, पिळलं आणि सरळ तोंडावरून फिरवलं, जेवण झाल्यावर पोराचं तोंड पुसतात तसं. आधी हनुवटी, मग गाल, मग नाक.

फडक्यातून पाणी ओघळलं, तपकिरी. मला वाटलं धूळ. वहिनीनं आणखी एक हात मारला, थांबली आणि काचेजवळ तोंड नेऊन बघत राहिली. तिचे डोळे आता चांगले होते. काचेवर केस होते, रिबीन होती, कॉलर होती. मधे काही नव्हतं. मधून समोरच्या घराची गच्ची दिसत होती.

ती कशी खाली उतरली ते तिलाच ठाऊक. फडकं हातात तसंच. दादाच्या समोर उभी राहिली.

"अहो, ही भट्टीत गेली नव्हती?"

"नाही."

"तुम्ही चांगलं आहे म्हणालात."

"काम अडलं होतं," दादा म्हणाला. "तू ब्रश टाकून बसली असतीस. मग काय करणार? पण नाक चुकलेलंच होतं. चुकलेली पोर पक्की करायला माझा हात धजेना. म्हटलं, कधीतरी नीट काढशील, मग घालू." आणि वर म्हणाला, "मी पाणी लावू नको म्हणालो होतो."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही. त्याचा अंगठा निकामी झाला होता, पण उरलेलं काम त्यानं वहिनीच्या हातून करून घेतलं होतं, आणि तेही हिशेबीपणानं नाही, नुसतं नाक चुकलं म्हणून.

"परत काढ," तो वहिनीला म्हणाला. त्याचा आवाज खरंच मऊ झाला होता, हे सांगायला हवं. "मी सांगतो तसं काढ. शेंडा डावीकडे, पण नाकपुडी नाही, नुसता शेंडा. हसली की सरळ व्हायचा. तू विसरलीस. मी नाही विसरलो."

"अहो, मी त्या काचेतलीच बघत आले," वहिनी म्हणाली. "मला तीच आठवते. दुसरी कुठली आठवतच नाही."

"म्हणून तर मी सांगतोय."

पुढचे काही दिवस वहिनी त्याच्या खुर्चीजवळ बसून ऐकत होती. तो डाव्या हातानं हवेत नाक काढून दाखवायचा आणि ती मान डोलवायची. तो इतका खुशीत होता की दोन वेळा जेवणाला नावं ठेवायची विसरला. मग आम्ही खिडकीचं शिसं उकलून तो तुकडा काढला आणि वहिनी तो घेऊन कारखान्यात गेली. पहिल्यांदाच भट्टी तिनं पेटवली. दादा खुर्चीतून सूचना देत होता, एवढी आच, इतका वेळ, घाई करू नकोस. मी आत डोकावले. ब्रश कोरडे होते. डिंकाची वाटी कोरडी होती. मी लांबी मळायला घेतली.

थंड झालेला तुकडा आम्ही परत बसवला. डाक तिनं दिला, लांबी मी भरली. शिडी बाजूला केली तेव्हा दादानं वर बघितलं. केस होते, रिबीन होती, कॉलर होती, पाणी न लागलेलं सगळं होतं. मधे कोरी काच.

"अगं, तोंड?"

"पक्कं केलं," वहिनी म्हणाली. अहो नाही, तुम्ही नाही, साधं हो सुद्धा नाही. लग्न झाल्यापासून मी तिला त्याच्याशी बिनअहोचं बोलताना ऐकलं नव्हतं.

"नाक सांगितलं होतं मी तुला! सगळं सांगितलं होतं!" त्यानं डावा हात वर नेला, अंगठा चाटला आणि तो ओला अंगठा तसाच हवेत धरून बसला. खिडकी फार उंच होती, आणि पोचला असता तरी पुसायला काही नव्हतं. मग तो रडायला लागला. ठमी गेली तेव्हा रडला नव्हता, तो आता मोठ्यानं रडला. वहिनीनं त्याची खुर्ची खिडकीसमोर सरळ केली, चाकं अडकवली आणि स्वयंपाकाला गेली.

वहिनीनं त्यानंतर ब्रश धरलेला नाही. जिन्यातून जाताना आता ती वर बघत नाही, भिंतीला धरून उतरते. दुपारी सगळ्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड भिंतीवर पडतो आणि त्या एका कोऱ्या काचेतून पांढरं ऊन थेट दादाच्या डोळ्यांवर येतं. त्याला मान वळवता येत नाही. तो मला हाका मारतो, "धाकटे, खुर्ची फिरव गं."

मी फिरवते. रोज नाही.