अंमळ थांबा

चेन्नईत गिंडीच्या आमच्या ऑफिसात पुण्याहून बदलून आलेल्या साहेबांना तंजावर बघायचं होतं. माझं माहेर तिथलं, म्हणून काय काय बघायचं याची यादी त्यांनी मलाच मागितली. यादी कसली द्यायची, म्हटलं चला, मीच दाखवते. साहेब, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या बाई, मी आणि माझी आठवीतली लेक, असे चौघं निघालो.

लेकीला नेण्यात माझा स्वार्थ होता. मराठीत काही विचारलं की ती उत्तर द्यायची तमिळमध्ये, नाहीतर इंग्रजीत. दोन दिवस मराठी माणसांत राहिली तर तोंड उघडेल, एवढीच माझी आशा.

मोठ्या देवळात आम्ही सकाळीच गेलो, कारण ऊन चढलं की अनवाणी पायांना फरशीचे चटके बसतात. साहेब आपले भराभर पुढे. मी हाक मारली, "सेरि, अंमळ थांबा, लेक येते आहे." 'सेरि' म्हणजे तमिळ 'बरं', एवढं चेन्नईत राहून त्यांना कळत होतं. 'अंमळ' ऐकून मात्र ते पोट धरून हसले. "अहो, अंमळ कोण म्हणतं आता? थोडं म्हणा, थोडं." बाईंनी लगेच मोबाइल काढला. "पुन्हा म्हणा ना, आमच्या ग्रुपवर टाकते."

आणि मी मेलीनं पुन्हा म्हटलंही. हसून म्हटलं. लेकीनं ते बघितलं, आणि मग दिवसभर ती इंग्रजीशिवाय बोलली नाही. माझा नुसता जळफळाट झाला, तोही स्वतःवरच.

राजवाडा झाला, दरबार झाला, बाजारात मान डोलवणारी बाहुली घेऊन झाली. जिथे जाऊ तिथे बाईंचं एकच, याला तुम्ही काय म्हणता, त्याला काय म्हणता. संध्याकाळी नदीच्या घाटावर आलो तर पायरीवर त्या मोबाइल रोखून उभ्या. "आता नदीवर काहीतरी बोला, तुमच्या त्या गमतीदार मराठीत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "देऊळ बघा, राजवाडा बघा, बाहुली न्या. बघायच्या यादीत ते सगळं आहे. मी नाही. ही बोली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात बोलत आलो, कुणाची परवानगी काढून नव्हे. आणि थोडं मी म्हणणार नाही. अंमळच म्हणणार."

ऑफिसात पुढे जे व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत मी पायऱ्या उतरू लागले. बाई अजून वाटेतच उभ्या होत्या, मोबाइल तसाच हातात.

मागून लेकीचा आवाज आला, अगदी आमच्या घरच्या तमिळ हेलात.

"काकू, अंमळ सरका. अम्माला पाण्यात पाय सोडायचे आहेत."

बाई सरकल्या.