पितळी पाटीवरचं घरचं वाक्य

माझी मावशी तीस वर्षं संसदेत लघुलेखक आहे. सभागृहात जो जे बोलेल ते खुणांच्या लिपीत भराभर टिपायचं आणि संध्याकाळपर्यंत नीट टाइप करून द्यायचं. नियम कडक, पदरचा शब्द घालायचा नाही. मावशीने तो एकदाच मोडला.

झालं असं, की एक थोर नेते जेवणानंतर भाषणाला उभे राहिले. "अर्धवट... म्हणजे ही जी कामं... असो," एवढं बोलून खोकत खाली बसले. त्याच सकाळी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, स्वयंपाकघरातला नळ खोलून तसाच टाकला होता आणि दाराला रंग द्यायला घेतला होता. मावशीचा पारा काही उतरला नव्हता. तिने नेत्यांच्या नावावर ठोकून दिलं, 'अर्धवट कामांच्या ढिगाला प्रगती म्हणत नाहीत.' घरी काकांना ती रोज हेच ऐकवते, फक्त 'प्रगती'च्या जागी 'संसार'.

दुसऱ्या दिवशी वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत. खुद्द नेत्यांनाही वाटलं, आपणच बोललो. ते वारल्यावर सभागृहाच्या भिंतीवर त्या वाक्याची पितळी पाटी लागली.

मावशीने हे फक्त मला सांगितलं होतं. काका पेपरात खेळाच्या पानापलीकडे जात नाहीत, म्हणून त्यांना पत्ता नव्हता; आणि सांगायची सोय नव्हती, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता तिच्या निवृत्तीला तीन महिने उरलेत, आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना इमारत दाखवायची टूम निघाली. काका हटूनच बसले. "तीस वर्षं डबा घेऊन जातेस कुठे, ते बघू तरी!"

मावशीने मला गाठलं. "तू चल गं. पाटीपाशी यांना कशात तरी गुंतव. हे बोलले की माझी तीस वर्षं पाण्यात. लोक म्हणतील, हिने आणखी काय काय घुसडलंय कोण जाणे!"

गाईड चुणचुणीत मुलगी होती. ती जिन्याचा इतिहास सांगत होती आणि काका कठडा हलवून बघत होते. "ढिला आहे. उद्या पाना घेऊन येतो," ते म्हणाले. मावशीने डोळे मिटले.

सभागृहात मी काकांना छताची नक्षी दाखवायला लागले. "मान दुखते गं," म्हणून ते सरळ पाटीकडे वळले. गाईडने खणखणीत आवाजात वाक्य वाचलं.

काका दचकले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"ताई," काका गाईडला म्हणाले, "हे वाक्य..."

"हो, काका?"

काकांनी पुन्हा मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. या माणसाला गप्प बसताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे वाक्य लाखमोलाचं आहे," काका म्हणाले. "पण असं सुचायला घरात कोणीतरी एक नंबरचा अर्धवट माणूस लागतो. त्याचं नाव नाही लावलं कुठे?"

गाईड हसली. सगळे हसले.

आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भाषणात न चुकता कंसात 'हशा' असं लिहिणारी माझी मावशी त्या सभागृहात पहिल्यांदा स्वतः हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.