तुर्कीतले साडेचार

माझ्या मावसबहिणीला तुर्की भाषेत घड्याळ सांगता यायचं, आणि माझ्याहून चांगलं यायचं. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही नाकाला मिरच्या झोंबतात. अहो, शिकायला मी गेले होते! ती नुसती सोबत म्हणून आली होती.

त्या सुमारास माहुलकडे तेलाचे कारखाने उभे राहत होते आणि परदेशी इंजिनियर आमच्या बाजूला बंगले भाड्याने घेऊन राहत. घाटकोपरच्या आमच्या डॉक्टरांकडे त्यांतलीच एक तुर्की बाई आपल्या चार वर्षांच्या आजारी मुलीला घेऊन यायची. मुलीजवळ दिवसभर बसायला तिला एक शिकलेली मुलगी हवी होती. मुलीची औषधं, खाणं, झोप सगळं घड्याळावर चालायचं आणि बाईंचं इंग्रजी आमच्याहून मोडकं. म्हणून अट एकच, तुर्कीतून वेळ कळली पाहिजे आणि सांगता आली पाहिजे. बाकीचं खुणांनी भागेल, औषधाच्या वेळेत मात्र चूक चालायची नाही, असं डॉक्टरांनी बाबांना बजावून सांगितलं.

मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. बोरिवलीचं एक स्थळ माझ्यासाठी येऊन बसलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण मला एवढ्यात लग्नच नको होतं. बाबा म्हणाले, "नोकरी लागली तर त्यांना वर्षभर थांबायला सांगू. नाही तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू." म्हणजे घड्याळ आलं तर एक वर्ष माझं.

आई मला एकटीला पाठवेना. देवगडची ही मावसबहीण तेव्हा आमच्याकडेच राहत होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच मॅट्रिक झालेली. दिसायला माझ्यापेक्षा उजवी, हेही सांगून टाकते, नाही तर तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगेल. आईने तिला माझ्याबरोबर दिली.

बाई पुठ्ठ्याची तबकडी घेऊन शिकवायच्या. काटे फिरवायच्या आणि विचारायच्या, "साआत काच?" म्हणजे किती वाजले. आपल्याकडे सव्वा, साडे, पावणे किती सुटसुटीत! तिकडे सव्वाचारला 'दोर्दू चेयरेक गेचियोर', म्हणजे चारला ओलांडून पाव पुढे गेला. साडेचारला 'दोर्त बुचुक'. आणि साडेबाराला सगळ्यांहून निराळाच शब्द. मी घोकून घोकून पाठ करत होते. ही बया खिडकीपाशी त्या पोरीची बाहुली विंचरत बसायची, आणि मी अडखळले की तिकडून हळूच उत्तर यायचं. बाई टाळ्या वाजवायच्या. माझ्यासाठी त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही.

"तुला कोणी विचारलं होतं गं?" मी वाटेत तिच्यावर उखडायचे.

"तोंडातून निघालां गो," ती म्हणायची. "मी काय मुद्दाम करतंय?"

मुद्दाम करत नव्हती, हेच तर माझ्या पोटात दुखायचं. मला रात्रंदिवस धडपडून जे येत नव्हतं ते तिच्या तोंडातून आपसूक निघत होतं. घरी आई तिला कौतुकाने म्हणायची, "तुर्कीत सांग बघू किती वाजले!" आणि ती सांगायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. बाबांची गाडी चुकू नये म्हणून आमचं भिंतीवरचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे लावलेलं असे. अख्ख्या घराला ठाऊक. कोणी वेळ विचारली तर आम्ही उलट विचारायचो, "घड्याळातले की खरे?" लहानपणापासून भिंतीकडे बघितलं की पंधरा मिनिटं आपोआप वजा व्हायची. मी तुर्कीचा सराव त्याच घड्याळावर करायचे, आणि अर्थातच खरे वाजलेले सांगायचे. ही मात्र काट्यांवर दिसेल ते सांगायची. "चूक!" मी ओरडायचे. "एवढे दिवस राहतेस इथे, अजून कळत नाही? खरे सांग, खरे!" तिला चुकताना बघून मला किती गार वाटायचं म्हणून सांगू!

अन् एक दिवस बाईंनी पुठ्ठा काढलाच नाही. आम्हाला बसवलं, काचेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा दिला, आणि अचानक दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून मला म्हणाल्या, "साआत काच?"

मी मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दोर्दू चेयरेक गेचियोर!" सव्वाचार.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोर्त बुचुक."

साडेचार. घड्याळात साडेचारच वाजले होते, आणि ते घड्याळ बरोबर होतं. बोंबला! मी सवयीने पंधरा मिनिटं वजा केली होती. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी काय काय बडबडले, आमचं घड्याळ, माझे बाबा, गाडी... बाईंनी माझा हात थोपटला आणि पोरीच्या औषधाच्या बाटलीकडे बघून मान हलवली. नोकरी हिला दिली. दुसऱ्या दिवसापासून यायचं.

घरी बाबा आधी पोट धरून हसले. मग माझं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं. "डॉक्टरांशी बोला ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "औषधाचा मामला आहे, पोरी. त्या बाईने तुझ्यावर कुठल्या भरवशावर मुलगी सोपवायची?"

मी मावसबहिणीला मागच्या गॅलरीत गाठलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "तुला ठाऊक होतं मी का चुकले ते! बाईंना सांगता येत नव्हतं?"

"येत होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी खंय जाऊ? देवगडाक?" तिचा आवाज चढला. "तुला तो बोरिवलीवाला नको, हे तरी तू सगळ्यांना सांगत सुटलीस. माझ्यासाठी कोण बघून ठेवलाय, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. आता विचारलं. दोन मुलांचा बाप, बाबांच्या वयाचा. गणपतीला परत गेली की साखरपुडा. तिच्या वडिलांनीही नोकरीचंच कबूल केलं होतं, मुंबईत नोकरी लागली तर वर्षभर थांबू म्हणून. वर्षाची बोली दोघींनाही होती आणि वर्ष एकच होतं.

मला तिची दया आली. पण खोटं कशाला बोलू, हेवा तसूभरही कमी झाला नाही. उलट आता तिला धड दोषही देता येईना, म्हणून आणखीच जळफळले.

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा तिची वेणी मीच घातली. केस मागे खेचून खेचून घट्ट घातली. आई म्हणाली, "अगं, दुखेल ना तिला!"

"दुखू दे," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने मान जराही हलवली नाही. माझं होईपर्यंत बसून राहिली.