हवा ओढणारी गाडी

सगळा रस्ता त्यांना कानसेन म्हणायचा, आणि ते त्यांना आवडायचंही. गाडी गॅरेजच्या दारात वळते न वळते तोच आतून ओरडायचे, "तिसरा प्लग मारत नाहीये!" बॉनेट उघडलं की खरोखर तिसराच निघायचा. रबरी नळीचा हातभर तुकडा कायम खिशात. एक टोक कानात घालून दुसरं इंजिनावर फिरवायचं, डॉक्टर छाती तपासतो तसं. इतर मेकॅनिक आधी पाना हातात घेतात. हे आधी कान देत. अंगात कला असली की थोडा तोरा येणारच, पण कानसेनांचा जरा जास्तच होता.

नर्सबाईंच्या जुन्या गाडीनं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या मलमपट्ट्या करायच्या, त्यामुळे गाडीवाचून त्यांचं पान हलत नसे. आणि गाडी सकाळी सुरू व्हायचं नाव घेईना. सेल्फ मारून मारून बॅटरी दमायची. सुरू झालीच, तर सिग्नलला थांबल्यावर थरथरून बंद पडायची. कानसेनांनी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून धुतला. शेवटी आयडलचा स्क्रू पिळून उभ्या गाडीची रेस वाढवून दिली. हे म्हणजे तापलेल्या अंगाला पावडर लावणं. गाडी पुन्हा दारात आली. बाई नरमाईनंच म्हणाल्या, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर दुसरीकडे न्यावी लागेल, माझा इलाज नाही."

अशा दुखण्यात पहिला संशय हवेचा, हे कानसेनांना कुणी शिकवायला नको होतं. एखादी नळी तडकते, इंजिन तिथून जादा हवा ओढतं, पेट्रोल अपुरं पडतं. तडकलेल्या जागी बारीक फुसफुस होते. त्यांनी नळी कानाला लावून सगळं इंजिन पिंजून काढलं होतं, फुसफुस नव्हती. दुसऱ्या कुणीही एकेक नळी चिमटीत दाबून खात्री केली असती. पण कानसेनांचा कान नाही म्हणाला म्हणजे नाही, मग हात कशाला काळे करायचे?

खरी गोष्ट त्यांना आतून ठाऊक होती. बारीक आवाज कधीचेच निसटू लागले होते. आधी किटलीची शीळ गेली, मग नातीची कुजबुज. घरच्यांना ते उलट दटावायचे, "तोंडातल्या तोंडात काय बोलता सगळे?" कान गेला तर आपल्यात उरलं काय, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता. ही गाडी सुधारली नाही तर शटर ओढायचं ते कायमचंच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी बायको डबा घेऊन आली. गाडी कशीबशी धडधडत होती. डबा ठेवता ठेवता तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, ही फुसफुसतेय कशानं?"

"काय?"

"फुसफुसतेय म्हटलं. सापासारखी."

"काहीतरीच! माझं सगळं ऐकून झालंय."

"बरं बाई, माझेच कान वाजताहेत," असं म्हणून ती डबा उघडायला लागली.

भांडण जिंकायला एक वाक्य पुरलं असतं; इतके दिवस कानसेन तेच करत आले होते. त्यांनी खिशातली नळी काढली, तिचं टोक सदऱ्याला पुसलं आणि बायकोपुढे धरलं.

"कानात धर. मी फिरवतो. आवाज मोठा झाला की हात वर कर."

"मी?" तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू दुसरं कुणी उभं असावं. मग तेलाचे डाग चुकवत ती बॉनेटखाली वाकली.

कार्बोरेटरच्या मागून ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीपाशी तिचा हात झटकन वर गेला. नळी आवळणाऱ्या पट्टीच्या आड, खालच्या बाजूला, नखाएवढी चीर होती. कानसेनांनी चिरेवर बोट दाबलं. रेस एकदम चढली. पिळून ठेवलेला स्क्रू त्यांनी दुसऱ्या हातानं मागे घेतला आणि तळवा पत्र्यावर टेकवला. थरथर थांबली होती. हे कळायला कान लागत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

नवी नळी बसली. संध्याकाळी नर्सबाईंनी किल्ली फिरवली आणि गार पडलेलं इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं.

"वा! तुमच्या कानाला तोड नाही."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"कान हिचा," कानसेन बायकोकडे बोट दाखवत म्हणाले. "माझा बारीक आवाजाला गेलाय. बरेच दिवस झाले."

नर्सबाई हसल्या. "मग सोमवारी दवाखान्यात या, यंत्र बसवता येतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचे एवढे पार्ट बदलता, स्वतःला एक बसवायला लाज कसली?"

गाडी निघून गेली. पाठीमागे बायको हळूच काहीतरी बोलली. कानसेन वळले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मला ऐकू आलं नाही गं. परत सांग."

ती मोठ्यानं म्हणाली, "म्हटलं, सोमवारी मी येते बरोबर."