अक्कांना वाचून दाखवलेलं वचन

देवपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी भक्ती संपली की वचन उचलायची पद्धत होती. शास्त्रातली एकेक ओळ पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून ताटात पालथी ठेवायची. ज्याने जी उचलली, ते देवाचं त्याच्याशी वर्षभराचं बोलणं. माझं अक्षर बरं, म्हणून ऐंशीच्या दशकात चारपाच वर्षं त्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

वचनांची यादी पाळकसाहेब द्यायचे. सगळी गोडगोड. आशीर्वाद, रक्षण, भरभराट. मला चीड यायची. देव काय नुसता पाठ थोपटायला बसलाय? एका वर्षी मी यादीबाहेरची एक चिठ्ठी लिहून ताटात सरकवली. शास्त्रात एका आजारी राजाला देव संदेष्ट्याकरवी निरोप धाडतो, की घराची निरवानिरव कर, तू आता जगणार नाहीस. तेवढीच ओळ लिहिली, पुढची गोष्ट सोडून दिली. कुणीतरी दचकेल आणि आपण मनातल्या मनात हसू, एवढंच डोक्यात होतं.

ती चिठ्ठी आमच्या शेजारच्या अक्कांनी उचलली.

अक्का दवाखान्यात आया होत्या. विधवा. लिहिता-वाचता येत नव्हतं. एकुलत्या लेकीने पाचोऱ्याला स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं मायलेकींचं बोलणं बंद होतं. त्यात पावसाळ्यापासून अक्कांचा खोकला हटत नव्हता. चर्चच्या दारातच त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"पोरी, वाची दखाड."

त्या तोंडाकडे बघून ते वाचवेना. दूर गेलेलं लेकरू देव परत आणील, असं तोंडाला येईल ते बोलले. अक्कांनी चिठ्ठी कपाळाला लावली आणि त्या रडल्या. मीही रडले, पण भीतीने.

चिठ्ठी त्यांनी भिंतीवरच्या आरशामागे खोचली. दर रविवारी ती काढून माझ्यापुढे धरायच्या आणि मी तेच खोटं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, वाचून दाखवायची. फेब्रुवारीत रुमालावर रक्त दिसलं. मी म्हटलं, अक्का, पाचोरा काही लांब नाही, आपण जाऊन येऊ.

"माले जावानी गरज नही," त्या म्हणाल्या. "देवनी सांगेल शे. ती यी."

पत्र टाकू का विचारलं, तर देवावर तुझा भरवसा नाही का म्हणून माझ्यावरच रागावल्या. फाटक वाजलं की त्या उठून बसायच्या. पुढे पुढे नुसती मान वळवायच्या.

त्या दिवसांत मी राजाची गोष्ट पुन्हा वाचली. निरोप ऐकून तो भिंतीकडे तोंड फिरवतो, ढसाढसा रडतो, देवापुढे गाऱ्हाणं मांडतो. आणि देव ते ऐकतो, त्याला आणखी वर्षं देतो. देव कठोर बोलतो तेव्हा त्याला माणसाचं उत्तर हवं असतं, असं मला वाटलं. अक्कांपर्यंत ते बोलणं मी पोचूच दिलं नव्हतं. त्यांना देवाशी भांडायची, रडायची सोयसुद्धा ठेवली नव्हती. मला स्वतःची किळस आली. तरी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. रविवारी पुन्हा वाचलं.

मार्च संपता संपता अक्का गेल्या.

निरोप मिळाला तशी दुपारी लेक आली. आईचे केस विंचरायला तिने आरशाजवळची फणी उचलली, तेव्हा मागची चिठ्ठी तिच्या हाती लागली. तिला वाचता येत होतं.

"मायले माहीत व्हतं का?" तिने मला विचारलं. "मंग तिनी माले का बरं बलावं नही?"

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण मरताना आईला आपण नको होतो, हे घेऊन ती पाचोऱ्याला परत गेली असती. मी सगळं सांगितलं, ताटात चिठ्ठी सरकवण्यापासून.

तिने चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"आते वाचा. जसं लिखेल शे तसं. मोठ्यानी."

मी अक्कांच्या उशाशी बसले आणि माझ्याच सुरेख अक्षरातली ती ओळ त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवली.