एकोणीसचा बोल्ट

आमच्याकडच्या पुरुषांना बोल्टचं माप विचारलं की ते पान्याचं माप सांगतात. ‘एकोणीसचा बोल्ट’ म्हणजे ज्याच्या डोक्याला एकोणीस नंबरचा पाना लागतो तो बोल्ट. डोक्याखालचं त्याचं अंग किती जाड आहे, आटे कसे पाडलेत, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. मी गावात ब्लाऊज शिवते. उद्या एखादी बाई आली आणि छातीचं माप द्यायचं सोडून म्हणाली, ‘या हुकाला बसंल असं ब्लाऊज शिवा’, तर मी तिला चहा पाजून घरी पाठवीन. पण हे लोक छाती पुढं काढून दुकानात एकोणीसचा मागतात, आणि दुकानदार तितक्याच रुबाबात काढून देतो. दोघांपैकी एकालाही आपण काही अर्धवट बोललो असं वाटत नाही.

आमच्या गोठ्यात कडबा कुट्टीचं मशीन आहे. सासऱ्यांच्या काळातलं, ओतीव लोखंडाचं. मोठं चाक, चाकाला दोन पाती, एकेक पातं दोन बोल्टांवर धरलेलं. बोल्ट पात्याच्या भोकातून जातो आणि थेट चाकात पाडलेल्या आट्यांत बसतो. मोटर चालू झाली की पाती दिसत नाहीत, नुसता वारा लागतो. चाकावर पत्र्याचं झाकण होतं. कुट्टी अडकते म्हणून आमच्या मालकांनी ते काढलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. कोंबड्या सुरक्षित आहेत.

मशीनवर बसतात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. पन्हळीत पेंडी सारायची आणि चाकाच्या बगलेला लाकडी ठोकळ्यावर बसून खाली पडलेली कुट्टी टोपलीत ओढायची, हे काम त्या कुणाला करू देत नाहीत. मी एकदोनदा म्हणून बघितलं, तर ‘तुला जाड-बारीक कळत न्हाई, म्हशी तोंड लावणार न्हाईत’ असं ऐकून घेतलं. आमचं दोघींचं फार गोड आहे अशातला भाग नाही. माझा हात सुईवर चालतो तसा त्यांचा कडब्यावर चालतो, आणि दोघींनाही दुसरीचा हात चालत नाही.

तर एका सकाळी गव्हाणीत कुट्टी टाकताना माझ्या हाताला बोल्ट लागला. म्हैस तोंड घालायच्या बेतात होती. आटे पार झिजून गेलेले. मी मशीनपाशी जाऊन बघितलं तर एक पातं एकाच बोल्टवर उभं, बोटानं ढकललं की हलत होतं. त्या पात्याची धार आणि ठोकळ्यावर बसलेल्या आत्याबाईंचं तोंड यांच्यात हातभर अंतर असतं. मालकांना दाखवलं. त्यांनी बोल्ट तळहातावर उडवला, झेलला आणि म्हणाले, “एकोणीसचा हाय. फाट्यावर भेटतो.”

वारंगा फाट्यावरून ते बोल्ट घेऊन आले. पाना लावला, आवळला, दोन फेरे फिरला आणि थांबला. “बसला,” म्हणाले. पुढच्याच दिवशी तो बोल्ट कुट्टीत. मग त्यांनी दुसरा आणला, तसलाच. तो ढिला लागायला लागला तेव्हा आट्यांना चिंधी गुंडाळली. चिंधी माझ्याच कातरणातली. तोही निघाला तेव्हा डोक्याभोवती तार पिळली आणि मागं सरून बघत राहिले, जणू देवाला मुकुट चढवला. मी म्हणाले, ‘बोल्टच याचा न्हाई.’

“काहून उगं डोकं लावून राहिलीस? एकोणीसचा पाना बराबर बसून राहिला ना? मग चालतंय.”

चालतंय. या एका शब्दावर आमचा अख्खा तालुका उभा आहे आणि म्हणून तो असा हलतो.

खरी गोष्ट डोळ्यापुढं होती, पण ती बघायला डोळे लागतात. मशीन जुनं, त्याचे बोल्ट इंचाच्या हिशोबातले, अर्धा इंची. आमच्याकडं त्याला चार सूत म्हणतात, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला टेपमुळं रोजच कळतं. फाट्यावर मिळतो तो नवा, बारा मिलीमीटरचा. दोघांचं डोकं सारखं, दोघांना पाना एकोणीसचाच. पण अंगानं नवा बारीक आणि आटे निराळे. म्हणून तो दोनचार आटे गुमान आत जातो आणि मग अडकतो. अडकला की गडी समजतो, घट्ट बसला. अडकणं आणि बसणं यातला फरक न कळणारी माणसं संसार कसा करत असतील असं मला पूर्वी वाटायचं. आता करूनच बघितलाय.

मी त्या पात्याचा उरलेला चांगला बोल्ट नमुन्याला काढून घेतला, पातं उतरवून शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये कापडाखाली ठेवलं आणि सांगितलं, मी येईस्तोवर मशीन बंद. म्हशींना आख्खा कडबा टाका, मरत नाहीत त्या. आत्याबाई म्हणाल्या, “माझ्या पोरानं बसवलं ते तुला पटंना व्हय? तो काय अडानी हाय?” मी पिशवी उचलली. काही प्रश्नांची उत्तरं दिली की भांडण होतं.

आधी फाट्यावर गेले. दुकानदाराला वाटलं, मी पत्ता विचारायला आले. बोल्ट पुढं केला तर तो माझ्याशी न बोलता बोल्टशी बोलला, “एकोणीसचा.” मग माझ्याकडं बघून, “ताई, दाजींना धाडा. ते नेतेत कायम.”

“ते नेतेत आन तो पडतो. आटे जुळवून बघा.”

त्यानं न बघता दुसरा बोल्ट काढून दिला. मी दोन्ही आडवे एकमेकांना लावून उजेडात धरले. दोन फण्यांचे दात एकमेकीत घातले तर सारख्या असतील तरच पुऱ्या बसतात. इथं मधून ऊन दिसत होतं. मी त्याला दाखवलं.

“इतकं बारीक कोण बघतंय?” तो हसला. “भ्याव वाटत आसंल तर वेल्डिंग मारून घ्या. जिंदगीत हलायचा न्हाई.”

“मग पातं पाजवायला कसं काढू?”

“पाजवायचं कशाला? नवं घ्या.”

“आन नवं बसवू कशात? जुनं तर वेल्डिंगनं चिकटलंय.”

त्यावर त्याचा फोन वाजला नव्हता तरी त्यानं तो कानाला लावला. फाट्यावरची हुशारी तिथं संपली.

दुसऱ्या दिवशी ब्लाऊजवाल्या बायकांची बोलणी खाऊन मी एसटीनं हिंगोलीला गेले. मोंढ्याजवळ नटबोल्टांचं मोठं दुकान आहे. तिथला मालक शहरातला, त्यामुळं त्याचा अडाणीपणाही मोठा. “क्या होना, बाई?” बोल्ट घेतला, डोक्यावर नजर टाकली, “उन्नीस का,” आणि खोक्यातून मूठभर काढून काट्यावर टाकले. वजनसुद्धा करून टाकलं. मी त्यातला एक उचलून फण्या जुळवल्या. तेच ऊन, तोच उजेड. म्हणाले, ये इसका नहीं है.

“पुराना इंची माल है वो. अब कौन लेता? नीचे बोरी में होंगा. देख लेव, मेरे को टाइम नहीं.”

बोरी म्हणजे पोत्यात भरलेला गंजलेल्या बोल्टांचा ढिगारा. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेक काढून नमुन्याला लावत गेले. डोकं सगळ्यांचं सारखं, आत सगळे निराळे. आटे जुळले तर लांबी जास्त, आणि लांब बोल्ट चाकाच्या मागं निघून सांगाड्याला घासला असता. पर्समधली टेप काढून मापं घेतली. येणारेजाणारे थांबून बघत होते. बाई सोन्याच्या दुकानात दिवसभर बसली तर कुणी बघत नाही, पायरीवर बोल्ट मापायला लागली की तमाशा.

दुकानदाराला राहवलं नाही. “चार बोल्ट के वास्ते इतनी तकलीफ?”

“मेरी सास बैठती है उसके सामने.”

“सास के वास्ते?” तो इतक्या मोठ्यांदा हसला की शेजारचं गिऱ्हाईकही हसलं. सुनेनं सासूसाठी ढिला बोल्ट शोधला असता तर त्यांना नवल वाटलं नसतं. मी मान खाली घालून शोधत राहिले. हात काळे झाले होते, कंबर धरली होती, आणि मला या हसणाऱ्याचा, फाट्यावरच्याचा आणि घरातल्याचा सारखाच तिटकारा आला होता. शेवटी आटे, लांबी, सगळं जुळणारे चार बोल्ट मिळाले. दोन्ही पात्यांचे एकदमच बदलायचे ठरवलं होतं. ते ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली घालायला स्प्रिंगवायसर घेतले. एकेक बोल्ट नमुन्याशी जुळवला, दात दातांत पुरे बसले. ऊन दिसलं नाही. इतका आनंद मला लग्नातल्या शालूनंही झाला नव्हता.

घराकडं वळले तर मशीनचा आवाज कानावर आला.

आधी वाटलं शेजाऱ्यांचं असेल. पण आमच्या मशीनचा आवाज मी ओळखते. घरात स्वतःचा टॉवेल न सापडणाऱ्या माणसाला माझ्या ड्रॉवरमधलं कापडाखालचं पातं सापडलं होतं. मी पिशवी घेऊन पळत सुटले. गोठ्यात आत्याबाई ठोकळ्यावर बसून कुट्टी ओढत होत्या आणि मालक पेंड्या मोकळ्या करून त्यांच्या हाताशी देत होते, लांब, खांबाच्या पलीकडं उभं राहून. मी बटन दाबून मोटर बंद केली. चाक थांबेपर्यंत हात बटनावरच ठेवला.

“काय झालं?” मालक म्हणाले. “बसवलाय ना. म्हशी वरडत होत्या.”

मी सरळ पात्यापाशी गेले. आता त्याचे दोन्ही बोल्ट फाट्यावरचे होते, चिंध्यांसकट. मी पाना घेतलाच नाही. बोटांनी फिरवला तर पहिला बोल्ट हातात आला. आत्याबाई वर बघत होत्या. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मग परत घेतला, होता तसाच चिंधी गुंडाळून बसवला, पाना लावून अडकेपर्यंत आवळला.

“बसला ना?” मी मालकांना विचारलं.

“बसला की.”

“मग आत्याबाईंना उठू द्या. एक पेंडी तुमी घाला. हितं बसून, ठोकळ्यावर. मी बटन दाबते.”

ते हसले. मग माझ्याकडं बघून हसणं थांबलं. चाकाकडं बघितलं, ठोकळ्याकडं बघितलं. “मला डेअरीवर जायचंय,” म्हणाले.

“बस की, बाबा,” आत्याबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की तो बसेल. “एक तर पेंडी हाय. तूच बसवलाय न्हवं?”

“आई, उशीर होऊन राहिला.”

ते खांबाच्या पलीकडंच होते. तिथून ते पुढं आले नाहीत. एक पाऊलही नाही. डेअरीचं दूध अजून काढायचं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. लुगड्याला लागलेली कुट्टी झटकली. बोल्टकडं त्यांनी बघितलंच नाही, लेकाकडं बघत होत्या, आणि ते बघणं मला इतकं वाईट वाटलं की माझी अर्धी चीड तिथंच गळून गेली. मग त्यांनी मी खाली ठेवलेला पाना उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बाई, पिशवीतले तुझे बोल्ट काढ.”