कण्हेरीचा पाला

नव्वदच्या दशकात आमचा टांगा पंचवटी ते स्टँड असा फिरायचा. रिक्षा वाढल्या, भाडी कमी झाली, तरी माझ्या नवऱ्यानं घोडी विकली नाही. ती नुकतीच व्याली होती. शिंगरू तिला सोडून हलत नसे.

उन्हाळ्यात गंगेकाठचं, म्हणजे आमच्या नदीकाठचं, गवत संपलं, म्हणून एका बंगल्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही तिला चरायला सोडायचो. त्या दुपारी ती परतली तीच लटपटत. अंगाला दरदरून घाम, कान मात्र गार.

नवरा तिच्या छातीला कान लावून म्हणाला, "अगं, हिचं काळीज बघ कसं धावतंय. मधेच थांबतंय."

जनावरांचे डॉक्टर आले. तपासून म्हणाले, "काय खाल्लंय हिनं?"

मी धावत प्लॉटवर गेले. कुणीतरी कुंपणाची कण्हेर छाटून गवतावर टाकली होती. पाला उन्हानं सुकून गवतात मिसळला होता. मूठभर घेऊन आले. तो पाहताच डॉक्टरांचा चेहरा पडला.

"ओल्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही, कडू लागते. सुकली की खातं. विष तेवढंच राहतं."

"मग उतरवा ना ते!" नवरा ओरडला.

त्यांनी नाकातून नळी घालून, विष शोषून घ्यायला कोळशाची पूड पाण्यात कालवून सोडली. मला म्हणाले, "शिंगराला दूध पिऊ देऊ नका."

मी शिंगराच्या गळ्याला मिठी मारून बसले. ते लाथा झाडायचं, आईकडे ओढायचं. घोडी आडवी पडली, तरी त्याचा आवाज आला की मान उचलायचा प्रयत्न करायची. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिला, "ऊठ गं माझी बाय. तुझं लेकरू भुकेलंय. ऊठ."

दिवस मावळायच्या आत ती गेली. डॉक्टर हात धुवायचेही विसरून तसेच निघून गेले.

नवरा रडला नाही. प्लॉटवर जाऊन कण्हेरीचं पान न् पान वेचत राहिला. मी बोलवायला गेले, तर म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं जनावर येईल इथं."

शिंगरू बाटलीला तोंड लावेना. शेजारणीच्या शेळीचं दूध बोटानं चाटवत राहिले, तेव्हा कुठं ते चोखू लागलं. ते जगलं. पुढं घोटीकडच्या एका ओळखीच्या माणसानं ते नेलं. नवरा त्याला पोचवायला गेला नाही. दार लावून आत बसला होता.